ब्रह्मांड सापडेल, खुरप्याचं बघा

औंढा नागनाथ तालुक्यात लवकरच कृष्णविवरांची टक्कर ऐकू येणार आहे. ‘लवकरच’ हा शब्द सरकारी अर्थाने घ्यावा. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी २०१६ची, पूर्ण मंजुरी २०२३ची. खर्च २,६०० कोटी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि टिपायची ती प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढी थरथर.

याच तालुक्यात, सिद्धेश्वर धरणाकाठच्या शिवारात, हळदीच्या सरीत पडलेला मोबाइल काही सापडत नाही. सायलेंटवर असतो बिचारा. खुरपं तर जन्मतःच सायलेंट.

बाजार म्हणतो, ब्लूटूथ टॅग लावा. तो फोनच्या टप्प्यात असेतो ठीक. त्यापलीकडे तो स्वतः काही सांगत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनमार्फत चहाड्या करतो. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर हे जमतं. शिवारात साक्षीला टिटवी, आणि तिच्याकडे फोन नाही.

टॅग वाजवला तरी एकसुरी ‘पीं’. दोन-तीन हजार हर्ट्झचा असा सूर कुठून येतोय, हे ओळखताना माणसाचा कान हमखास गोंधळतो. शेरडाच्या गळ्यातली घंटी मात्र खडबडीत वाजते. तिच्यात अनेक सूर मिसळलेले, म्हणून दिशा चटकन कळते. आवाज एका कानाला कणभर आधी पोचतो, दुसऱ्याला नंतर; तेवढ्यावर गुराखी नाक्यापलीकडचं शेरडू हुडकतो.

लायगोचं गणितही हेच. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या दोन यंत्रांना लहर सात मिलिसेकंदांच्या फरकाने पोचली. दोनच कान, त्यामुळे पत्ता निघाला आकाशाचे सुमारे सहाशे चौरस अंश. म्हणजे ‘मुक्काम पोस्ट मराठवाडा’. २०१७मध्ये इटलीतला तिसरा कान जोडला, तेव्हा एका टकरीचा पत्ता तीसेक चौरस अंशांवर आला. औंढ्याला यंत्र हवं ते आणखी एका कानासाठी.

मग खुरप्याच्या मुठीलाही एक घंटी द्या. रिमोट दाबला की शंभर पावलांवरून खडखडेल एवढी. बटन-सेल, छोटा रेडिओ, कर्कश भोंगा. यात अवघड काही नाही. असली यंत्रं मिळतातही, पण जाहिरात टॅगचीच. कारण रिमोटला ॲप लागत नाही, खातं लागत नाही, तुम्ही कुठे हिंडता याची नोंद होत नाही. वस्तू तुम्हाला सापडली तर त्यात कसला धंदा? तुम्ही सापडलात की त्यांचं भागतं.