ज्वालामुखीवरचा महादेव आणि आपला धुण्याचा दगड

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

कोराट, थायलंड
दि. १४ डिसेंबर

तीर्थरूप आप्पा व तीर्थस्वरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्रास कारण की, काल दादाचा फोन आला. तो म्हणाला, आप्पांनी सोनपेठच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चार माणसांत सांगितलं, की आमचं धाकटं पोरगं तिकडं ज्वालामुखीवर चढलं आणि देवाच्या कृपेनं सुखरूप उतरलं. आप्पा, ज्वालामुखी खरा आहे. पण तो विझून लाखो वर्षं झाली. वरपर्यंत डांबरी रस्ता जातो, रस्ता संपतो तिथं गाड्या लावायला जागा आहे आणि शहाळी विकणाऱ्या बाया बसलेल्या असतात. तुम्ही फोनवर निम्मं ऐकता, तेवढंच आईला सांगता आणि आई ते गल्लीच्या टोकाला पोचवते तोवर त्यात लंकादहन आलेलं असतं. म्हणून हे पत्र. चष्मा लावून वाचा.

१० डिसेंबरला इथं संविधान दिन. आपला २६ नोव्हेंबरला होतो. पण यांना त्या दिवशी सुट्टी मिळते आणि आपल्याला उद्देशिका वाचायला उभं करतात. सुट्टी म्हणून फनोम रुंगला, म्हणजे त्या ज्वालामुखीवरच्या देवळाला, जायचं ठरलं. तुमच्या सुनेनं पहाटे चारला उठून धपाटे केले. आईनं दिलेल्या ज्वारीच्या पिठाची ती शेवटची पिशवी, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. ती मार्गशीर्ष पाळते, आणि वाटेत नांग रोंग नावाचं गाव लागतं, ते शिजवलेल्या डुकराच्या तंगडीसाठी मशहूर आहे. ते गाव पार होईस्तोवर तिनं काचा वर घ्यायला लावल्या. मी घेतल्या, फक्त माझ्या बाजूची बोटभर उघडी राहिली. हे तिला कळवायचं कारण नाही.

हा सगळा मुलूख ईसान. सपाट माळ, बेभरवशाचा पाऊस, कर्तीसवरती पोरं बँकॉकला कामाला आणि ओट्यावर नातवंडं सांभाळत बसलेली म्हातारी माणसं. बँकॉकवाले यांच्या बोलीला हसतात. पुण्याच्या हॉस्टेलात पहिल्या वर्षी मी तोंड उघडलं की काय व्हायचं ते आठवलं. कारखान्यात माझ्याजवळ एक ईसानचा माणूस बसतो. त्याला एकदा मी 'जगात जर्मनी, भारतात परभणी' समजावून सांगितलं. बराच वेळ विचार करून त्यानं विचारलं, "तुमच्याकडंपण मोटारी बनतात?" मी विषय बदलला.

नावं मात्र ऐकण्यासारखी आहेत. कोराटचं कागदावरचं नाव नाखोन राचासिमा, म्हणजे आपलं नगर राजसीमा. देवळाला प्रासात म्हणतात, म्हणजे प्रासाद. नारायणाला फ्रा नाराय. संस्कृत शब्दांची शेपटं कापून, वर थोडा हेल लावला की झालं थाई. भारतीय माणसाला खॅक म्हणतात, आणि खॅक म्हणजे पाहुणा. तिकिटाच्या खिडकीवर परदेशी माणसाचा दर निराळा, इथल्याचा निराळा. मी खिडकीतल्या बाईला मराठीत म्हणालो, "आमच्यात पाहुण्याकडून पैसे घेत नाहीत." तिनं गोड हसून उरलेले सुटे हातावर ठेवले.

आता देऊळ. आधी एक लांबलचक फरसबंदी वाट लागते, १६० मीटरची, दोन्ही अंगांना कमळाच्या कळीचे दगडी खांब. मग पाच फण्यांच्या नागांचा कठडा असलेला पूल. मग पायऱ्या. मोठीनं ५२ मोजल्या, बारक्यानं ५४, आणि दोघांचं भांडण मिटवायला मला परत खाली उतरून चढावं लागलं. माझ्या ४७ भरल्या, कारण पुढं दम लागला. त्याच वेळी तुमचा व्हिडिओ कॉल आला आणि तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "परळीच्या पायऱ्यांपेक्षा जास्त हायेत का?" आप्पा, मला तेव्हा बोलता येत नव्हतं. रेंज गेली नव्हती.

देऊळ महादेवाचं. गुलाबी वालुकाश्माचं, काळ्या ज्वालामुखीच्या डोक्यावर. मुख्य प्रासाद बाराव्या शतकातला, म्हणजे आपल्याकडं देवगिरीचे यादव डोकं वर काढत होते त्या सुमाराचा. अंगकोर वाट बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्म्याचा एक नातेवाईक होता, नरेंद्रादित्य. त्यानं हा प्रासाद उभारला आणि स्वतः योगी होऊन बसला. त्याच्या पोरानं, हिरण्यानं, संस्कृतात शिलालेख कोरून बापाचं कौतुक केलं. (दादाला वाचून दाखवा.) पंधरा दारं अशी एका रेषेत आहेत, की वर्षातून चार वेळा सूर्य या टोकाच्या दारातून त्या टोकाला आरपार दिसतो. आम्ही गेलो तो दिवस त्यातला नव्हता. आम्हाला आरपार एका पर्यटकाची टोपी दिसली.

आत नंदी बसलेला, गाभाऱ्यात पिंड. पण पुजारी नाही, घंटा नाही, बेलाचं पान नाही, "चला, पुढं सरका" म्हणणारा कुणी नाही. परळीला श्रावणी सोमवारी अर्ध्या सेकंदाचं दर्शन घेऊन वाढलेला माणूस मी. इतका निवांत महादेव बघून मला चुकल्यासारखंच वाटायला लागलं. आईनं फोनमधूनच हात जोडले आणि म्हणाली, "पाणी तरी घाल त्याच्यावर, कधीचा कोरडा बसलाय." तुमच्या सुनेनं बाटलीचं झाकण उघडलं, तेवढ्यात रखवालदाराची शिट्टी वाजली. तिनं तेच पाणी अगदी सहज तोंडाला लावलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू शिट्टी मलाच होती.

खरी गंमत प्रदक्षिणेला झाली. पिंडीवरचं पाणी बाहेर जायची दगडी पन्हळ इथं शाबूत आहे. पाटीवर तिचं नावसुद्धा सोमसूत्र लिहिलेलं! लहानपणी औंढ्याला मी ते ओलांडलं म्हणून तुम्ही माझा कान धरून उलट फिरवलं होतं, ते आठवलं. तुमची सून कडक. पन्हळीपर्यंत गेली, नमस्कार करून माघारी वळली, उलट दिशेनं पुन्हा पन्हळीपर्यंत आली, पुन्हा माघारी. मी मागं, पोरं माझ्या मागं. दुसऱ्या फेरीला वळून बघतो तर आठ-दहा थाई माणसं आमच्या मागं, हात जोडून, आमच्यासारखीच गरकन माघारी वळतायत. त्यांच्यातल्या एका आज्जीनं मला खुणेनं विचारलं, किती वेळा? मी घाबरून तीन बोटं दाखवली. सगळ्यांनी शिस्तीत तीन पूर्ण केल्या. आठशे-नऊशे वर्षांच्या त्या देवळात सोनपेठची पद्धत आता सुरू झाली म्हणायला हरकत नाही. रखवालदारानंही शिट्टी वाजवली नाही. त्याला वाटलं असेल, असंच असतं.

एका गोष्टीपाशी मात्र मी बराच वेळ थांबलो. पूर्वेच्या दारावर नाचणारा शिव आहे आणि त्याच्याखाली, चौकटीच्या डोक्यावरच्या आडव्या दगडात, शेषशायी नारायण. नाभीतून कमळ, कमळावर ब्रह्मदेव, कडेनं वेलबुट्टी. हा दगड १९६० च्या दशकात चोरीला गेला. एवढा मोठा दगड! आपल्याकडं विहिरीवरची मोटार चोरायला चार माणसं लागतात. त्याचा एक तुकडा बँकॉकच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला आणि मोठा भाग थेट अमेरिकेत, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये भिंतीवर लागलेला निघाला. राजघराण्यातले इतिहासाचे प्राध्यापक सुभद्रदिस दिस्कुल यांनी तो परत मिळावा म्हणून लकडा लावला, लोक रस्त्यावर आले, काराबाव नावाच्या इथल्या गाजलेल्या बँडनं त्यावर गाणं केलं. १९८८ साली नारायण घरी आले. त्याच साली देवळाची डागडुजीही उरकली. ती १९७१ पासून चालू होती, दगडन्‌दगड उतरवून, नंबर घालून, परत रचून. सतरा वर्षं म्हणल्यावर तुम्हाला आपल्याकडचा एक पूल आठवेल. पण इथं शेवटी झालं.

खाली मुआंग ताम म्हणून आणखी एक पडकं देऊळ आहे, काटकोनात वळलेली चार तळी आणि त्यांत कमळं. तिथं झाडाखाली धपाटे खाल्ले. शेजारच्या थाई कुटुंबाला शेंगाची चटणी दिली. त्यांनी आम्हाला आंबवलेल्या माशाची कसलीशी चटणी पुढं केली. सुनेनं हात जोडून मार्गशीर्ष समजावून सांगितला, मराठीत.

आता मुद्द्याचं. न्हाणीच्या मागं आई ज्या दगडावर धुणं धुते, त्याच्या कडेला खालच्या अंगानं एक वेल आहे. लहानपणी मी ओल्या बोटानं ती गिरवत बसायचो आणि आई पाठीत धपाटा घालायची. शिकागोहून आलेल्या दगडाच्या कडेची वेल बघितली आणि माझं बोट आपोआप हवेत वळलं. आजोबांनी तो दगड कुठल्या पडक्या देवळाजवळून बैलगाडीत घालून आणला, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

दादाला म्हणावं, एक पहार घे, दोन माणसं घे आणि तो दगड उलटा करून बघ. खाली सपाट निघाला तर तसाच ठेवा, आईची सोय मोडू नका. काही निघालं तर त्याच्यावर गोणपाट टाका, फोटो मला पाठवा आणि तहसीलला कळवा. आई, तोवर कपडे बादलीत बडव. आणि आप्पा, हॉटेलात यातलं एक अक्षर बोलू नका. शिकागोहून कुणी आलं तर चहा पाजा, पण न्हाणीच्या मागं जाऊ देऊ नका.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. : ज्वारीचं पीठ संपलं. पुढच्या महिन्यात गावाकडनं कोणी येणार असेल तर पाच किलो पाठवा. मागच्या वेळी विमानतळावर पिशवी उघडून तीन जणांनी वास घेतला होता, म्हणून या वेळी वर ठसठशीत 'प्रसाद' लिहा.