आभारांची पोच

तहसील कचेरीत 34 वर्षे कारकुनी करून जो मनुष्य सेवानिवृत्त झाला, आणि ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ या आशयाची इंग्रजी शेपटी ज्याने हजारो पत्रांना स्वहस्ते लावली, त्याला इंग्रजांच्या मुलुखात निदान शिष्टाचाराच्या बाबतीत तरी खाली मान घालावी लागणार नाही, अशा पक्क्या समजुतीने मी सहकुटुंब ब्रिस्टलला जावयास निघालो. तिकिटे भाच्याने पाठविली होती. माझी तयारी मात्र माझी स्वतःची होती. उपकार झाल्यास ‘आय अॅम मच ऑब्लाइज्ड टु यू’ म्हणावे, आणि उपकार आपल्या हातून घडल्यास ‘डोन्ट मेन्शन इट’ म्हणून तो झटकून टाकावा, असा जो शिरस्ता तर्खडकरी इंग्रजीवर पोसलेल्या आमच्या मास्तरांनी छडीच्या साहाय्याने आमच्या अंगी मुरविला होता, त्याची मी विमानात दोनदा उजळणीही केली.

पहिला खटका उडाला तो ब्रुनेलने आखलेल्या आणि 1841 साली लंडनपासून ब्रिस्टलपर्यंत पुऱ्या झालेल्या लोहमार्गावर. पॅडिंग्टन सोडून गाडीने वेग घेतला तोच तिकीट तपासनीस आला आणि त्याने तिकीट मागण्यापूर्वीच डब्याचे सामुदायिक आभार मानले. मी तिकीट पुढे केले. तो ‘थँक यू’ म्हणाला. त्याने ते निरखले. पुन्हा ‘थँक यू’. तिकीट माझ्या हाती परत आले तेव्हा आता पाळी आपली असे समजून मी ‘थँक यू’ म्हणालो, तर माझ्या त्या आभारांबद्दलही त्याने माझे आभार मानले, आणि हे प्रकरण कोठे मिटवावे हे न समजून मी तोंड उघडतो आहे तोवर स्वारी पुढच्या बाकापाशी पोहोचली होती. एका तिकिटापायी आभारांच्या पाच रकमा, आणि त्यांपैकी माझ्या नावे अवघी एक! कारकुनाच्या जिवाला ही बाकी फार लागली.

ब्रिस्टलमध्ये पाहावयाचे म्हणून मी जे ठरविले होते त्यांत राजा राममोहन रायांची समाधी अग्रस्थानी होती. हा थोर पुरुष 1833 साली याच नगरीत निवर्तला, आणि दहा वर्षांनी द्वारकानाथ टागोरांनी आर्नोस व्हेल येथे त्यांच्यावर छत्री उभारविली. त्या छत्रीचे दर्शन आम्ही यथासांग घेतले. परंतु खरे सांगायचे तर त्या दिवशीचे माझे ज्ञानार्जन समाधीपाशी न होता परतीच्या बसमध्ये झाले. तेथे चढण्याउतरण्याचा दरवाजा एकच, चालकाच्या शेजारचा. आणि उतरणारा प्रत्येक उतारू, मग तो शाळकरी पोर असो की काठी टेकणारी आजीबाई, चालकाकडे पाहून ‘चीअर्स, ड्राइव्ह!’ असे म्हणतच पायउतार होत होता. ‘चीअर्स’ हा शब्द माझ्या माहितीप्रमाणे मद्याचा पेला उंचावताना उच्चारण्याचा. तेव्हा भर दुपारी, हाती चाक असलेल्या मनुष्याला सारे गाव पिण्याचा आग्रह का करीत आहे, या विवंचनेत मी असतानाच आमचा थांबा आला. मद्याच्या त्या निमंत्रणात सामील होणे माझ्या संस्कारांत बसणारे नव्हते. मी चालकासमोर उभा राहिलो, टोपी काढली आणि आमचा प्रवास सुखरूप घडवून आणल्याबद्दल मी व माझे कुटुंब त्याचे किती ऋणी आहोत, हे तीन उपवाक्यांच्या एका प्रशस्त इंग्रजी वाक्यात त्यास निवेदन केले. मागे रांग खोळंबली. चालकाने मला आपादमस्तक न्याहाळले, आणि अत्यंत प्रेमळ आवाजात तो म्हणाला, “नो वरीज, माय लव्हर!”

आमच्या सौभाग्यवतींचे इंग्रजी सातवीत सुटले असले, तरी हा एक शब्द हिंदी चित्रपटांनी त्यांना पाठ करून दिलेला होता. घरी पोहोचेपर्यंत त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. “अहो मामी,” भाच्याने हसू आवरीत खुलासा केला, “इकडची जुनी माणसं कुणालाही तसं म्हणतात. आपण नाही का, ‘अरे राजा’ म्हणत? नॉटिंगहॅमला गेलात तर मामांना ‘डक’ म्हणतील, म्हणजे बदक.”

“बदक चालेल,” मामी म्हणाल्या.

परंतु त्यांचीही परीक्षा दूर नव्हती. भाच्याची कन्या तीन वर्षांची. तिला कोणी काही दिले की तिने ‘ता’ म्हणावे असे तिला शिकविलेले होते, कारण बोबड्या तोंडाला ‘थँक यू’ जड जाते, आणि पुढे जन्मभर हे ‘ता’च पुरवून नेणारे प्रौढही त्या देशात उदंड आहेत. रात्री मामींनी तिच्या ताटलीत भात वाढला. पोर म्हणाली, “ता.” मामींनी कौतुकाने तिच्या वाटीत ताक ओतले. पोर पुन्हा म्हणाली, “ता!” पुन्हा ताक. चौथ्या वाटीस मूल रडकुंडीला आले, तरी सभ्यता म्हणून ‘ता’ म्हणतच होते, आणि मामी आम्हा सर्वांस सांगत होत्या की, परदेशात वाढूनही पोरीला ताकाची गोडी आहे, रक्त बोलल्याशिवाय राहत नाही. सूनबाईंनी ताकाचे भांडे हळूच उचलून मामींना ‘थँक यू’ म्हटले मात्र, त्या गंभीर झाल्या. “घरच्या माणसाचे कसले गं आभार? मला परकी समजतेस का?”

मला वाटते, मेख येथेच आहे. आमचा ‘आभार’ हा शब्द ऐकतानाच त्यातला भार कानाला लागतो. तो घरच्यांवर घालावयाचा नसतो, सभेच्या अखेरीस मंडपवाल्यापासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत सर्वांवर एकदमच टाकून मोकळे व्हावयाचे असते. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा. आणि इंग्रजीतही ‘थँक’ व ‘थिंक’ ही एकाच धातूची भावंडे, म्हणजे मुळात तेथेही प्रकरण स्मरणाचेच. पण आजचा इंग्रज जे दिवसाकाठी शंभरदा म्हणतो, त्यात ना भार, ना स्मरण. ती आहे निव्वळ पोच. कागद आला, बारनिशीत चढला, पोच दिली. आणि पोच देताना ‘अत्यंत आज्ञाधारक सेवक’ कोण लिहीत बसतो? ‘चीअर्स’ पुरे. उत्तरादाखल पूर्वी ‘नॉट अॅट ऑल’ म्हणत. आता ऑस्ट्रेलियाकडून आलेले ‘नो वरीज’ म्हणतात, म्हणजे कर्जच नव्हते म्हणण्याऐवजी, होते पण माफ केले असे म्हणतात. शेजारच्या वृद्ध बाईंना या उतरंडीचा मनस्वी संताप. दुकानात शिरून ‘मे आय हॅव’ऐवजी ‘कॅन आय गेट’ म्हणणाऱ्या तरुणांना त्या अमेरिकेचे हस्तक समजत. त्यांच्या फाटकावर मात्र ‘येथे गाडी न लावल्याबद्दल आभार’ अशी पाटी होती. हा अगाऊ आभारांचा प्रकार मला सर्वांत पसंत पडला. साधी सायकलही नसलेल्या माझ्यासारख्याला त्यात रोज बसल्या जागी हिस्सा मिळत असे.

दोन महिन्यांत माझी जीभ इतकी बिघडली की रस्त्यातल्या खांबावर आपटलो तरी मी ‘सॉरी’ म्हणू लागलो. सौभाग्यवती तर परतीच्या दिवशी बसमधून उतरताना ‘चीअर्स’ म्हणाल्या, आणि चालकाने त्यांना काय म्हटले ते त्यांनी मला आजतागायत सांगितलेले नाही.

परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात साताऱ्यास एस.टी.ने जाण्याचा योग आला. तिकिटावरचे दोन रुपये सुटे नसल्याने वाहकाने ते तिकिटाच्या पाठीवर लिहून दिले होते, आणि मी ते साफ विसरलो होतो. उतरताना सवयीने मी त्याच्याकडे वळलो आणि मनापासून म्हणालो, “धन्यवाद हं!”

त्याचा चेहरा उतरला. “देतो की साहेब,” तो खिशात हात घालीत म्हणाला, “टोमणे कशाला मारता?” आणि त्याने माझे दोन रुपये माझ्या हातावर ठेवले.