एक जूनची सत्तरी

महाराष्ट्रात माणूस एकदम म्हातारा होत नाही, खात्याखात्याने होतो. २००७च्या कायद्याप्रमाणे तो साठीला ज्येष्ठ नागरिक. एसटीच्या लेखी ६५ला अर्धा म्हातारा, कारण तिकीट अर्धं. ७५ला पूर्ण, कारण तिकीटच नाही. मुख्यमंत्री तीर्थदर्शनाला ६० पुरतात, वयोश्रीच्या तीन हजारांना ६५ लागतात. प्राप्तिकरवाले ८० झाल्याशिवाय कुणाला ‘अतिज्येष्ठ’ म्हणत नाहीत. रेल्वे पुरुषांना साठीला आणि बायकांना अठ्ठावन्नला भाड्यात सवलत द्यायची. मार्च २०२०मध्ये ती बंद झाली, आणि तेव्हापासून तिकीट खिडकीवर कुणीच म्हातारं होत नाही.

आजारी पडायचं वय मात्र दिल्लीने ठरवलं : ७०.

११ सप्टेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं की सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला आयुष्मान भारत योजनेत घ्यायचं. उत्पन्न विचारायचं नाही, रेशनकार्डाचा रंग बघायचा नाही. साडेचार कोटी कुटुंबं, सहा कोटी म्हातारी माणसं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार. २९ ऑक्टोबरला, धन्वंतरी जयंतीचा मुहूर्त साधून, ‘वय वंदना’ कार्ड सुरू झालं. त्याच कार्यक्रमात पंतप्रधानांनी दिल्ली आणि पश्चिम बंगालमधल्या ज्येष्ठांची माफीही मागितली, कारण त्यांची राज्यं योजनेत नव्हती. दिल्ली एप्रिल २०२५मध्ये आत आली.

वयाचा पुरावा एकच, आधार. इथे मराठी माणसाची गोची होते.

एक निवृत्त शिक्षक डोळ्यांपुढे आणू. सोयीसाठी त्यांना मास्तर म्हणू. त्यांची आई सांगायची, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, तेव्हा हा पोटातून बाहेर आला. म्हणजे नोव्हेंबर १९५५. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराकडे एकदा पाहिलं, शाळा जूनमध्ये उघडते हे आठवलं आणि लिहिलं : १ जून १९५७. त्या काळी गावोगावच्या आया श्रावणात, माघात, जमेल तेव्हा बाळंत होत, पण पोरं जन्माला येत ती एक जूनलाच. म्हणून तर दर ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत सत्काराचे नारळ कमी पडतात.

गुरुजींच्या कृपेने मास्तरांना नोकरीत दीड वर्ष जास्त मिळालं. ३१ मे २०१५ला ते ५८ वर्षांचे होऊन निवृत्त झाले आणि ते जादा पगार आठवून बरीच वर्षं खूश होते. आता हिशेब उलटा फिरला. गुडघे, रक्तदाब आणि आईची आठवण या तिघांच्या मते सत्तरी होऊन गेली. आधारच्या मते ती १ जून २०२७ला होईल. आधारवरची जन्मतारीख एकदा बदलता येते म्हणे, पण त्याला कागद लागतो, आणि मास्तरांच्या प्रत्येक कागदावर गुरुजींचंच अक्षर आहे.

मास्तरीणबाईंचा कारभार निराळा. त्यांच्या गावच्या गुरुजींना पहिलीचा पट भरायचा होता, म्हणून नवऱ्याहून अडीच वर्षांनी लहान असलेली ही मुलगी कागदावर १ जून १९५५ची झाली. त्यांचं वय वंदना कार्ड केव्हाच आलं. सरकारदरबारी बाई आता नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी वडील आहेत, आणि घरातही त्यांनी तसंच वागायला सुरुवात केली आहे.

कार्ड काढताना मास्तरच त्यांना केंद्रावर घेऊन गेले होते. बाईंचा अंगठा उमटेना. भांडी घासून रेषा गेलेल्या. शेवटी चेहरा दाखवून काम झालं. ‘अंगठेबहाद्दर राहू नका, सही शिका’ असं गावाला तेहतीस वर्षं बजावणारे मास्तर बाजूला उभे राहून बाईंना सांगत होते, ‘अगं, नीट दाब, अंगठा नीट दाब!’

आता कार्डात आहे काय? आहे, आणि बरंच आहे. जुनं दुखणं पहिल्या दिवसापासून चालतं, थांबायची अट नाही. दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्च, औषधांसह, त्यातच येतो. खासगी विमा असला तरी कार्ड मिळतं. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांनी मात्र दोन्हींतलं एक निवडायचं. घर आधीपासून आयुष्मानमध्ये असेल, तर सत्तरीवाल्यांसाठी वेगळे पाच लाख, त्यात पोरासुनांनी हात घालायचा नाही. पण नवरा-बायको दोघंही सत्तरीचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. कुणाचं हृदय आधी आणि कुणाचा गुडघा नंतर, हे त्यांनी जेवणाच्या ताटावर ठरवून घ्यावं.

नाही काय, तेही बघू. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया नाही, मूल होण्यासाठीचे उपचार नाहीत. सत्तरीच्या जोडप्याने हे दुःख धीराने पचवलं आहे. अवघड जातं ते पुढचं : बाह्यरुग्ण विभाग नाही. महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेची तपासणी, डॉक्टरांची फी, चष्मा, कवळी, सगळं स्वतःच्या खिशातून. म्हाताऱ्या माणसाचा डॉक्टरशी संबंध मुख्यतः बाकावर बसून येतो. योजना मात्र खाटेवर आडवं पडलेल्यालाच ओळखते. गोळी परवडली नाही म्हणून चुकवा, अर्धांगवायू झाला की पाच लाख तयार आहेत.

मास्तर २०२७ची वाट बघत बसले असते, पण कट्ट्यावरच्या एका निवृत्त तलाठ्याने त्यांना खडसावलं. ‘मास्तर, तुम्ही जीवनदायीत आहात की!’ मास्तरांना वाटलं, ती गरिबांची, आणि बंदच झाली असेल. बंद झाली नव्हती, नाव बदलत होती. २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून आली, २०१७मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य झाली, २०२०मध्ये आयुष्मानशी तिची सोयरीक जुळली. योजना तीच, पाटी नवी. लोक अजून ‘जीवनदायी’च म्हणतात. २८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने तिचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं, उपचार १३५६ केले आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही दार उघडलं. वयाची अट नाही. म्हणजे मास्तर ज्या पाच लाखांसाठी म्हातारे व्हायची वाट बघत होते, ते तरुणपणीच, म्हणजे कागदावरच्या तरुणपणी, त्यांचे झाले होते.

मग वय वंदनाचा उपयोग काय? आयुष्मानचं कार्ड योजनेतल्या सगळ्या राज्यांत चालतं. मुलगा बंगळुरूला आणि आईबाप सहा महिने त्याच्याकडे, अशा घरांना ते हवंच. फक्त दोन गोष्टी आधी विचारायच्या : रुग्णालय योजनेत आहे का, आणि असलं तर आपल्या आजारासाठी आहे का. काही रुग्णालयं हाडांपुरती योजनेत असतात, हृदयापुरती नाहीत. रुग्णालयाच्या दारातल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठायचं, नाहीतर १४५५५ हा क्रमांक फिरवायचा.

जीवनदायीसाठी मास्तरांनी धान्याच्या डब्यामागून रेशनकार्ड काढलं. त्यावर त्यांच्या नावात एक वेलांटी ऱ्हस्व होती, आधारवर दीर्घ. व्याकरणाचे गुण कापण्यात हयात गेलेल्या माणसाला ही दुरुस्ती करायला तहसील कार्यालयात तीन खेपा पडल्या.

कट्ट्यावर त्यांच्या वर्गातले अकरा जण बसतात. सगळे एकाच गुरुजींच्या हाताखालचे, म्हणजे सगळ्यांची सत्तरी एकाच दिवशी. १ जून २०२७ला अकरा म्हातारे सकाळी नऊला रांगेत असणार, असं त्यांनी केंद्रावरच्या पोराला आत्ताच कळवून ठेवलं. त्याने कॅलेंडर बघितलं आणि शांतपणे सांगितलं, ‘त्या दिवशी सर्व्हर डाऊन असेल, काका.’