न बोलावता येणाऱ्या कॉलिंग ॲपास खुले पत्र

कॉलिंग ॲपा,

तुला आवतण कुणी दिलं होतं? शेजारच्या काकू दवाखान्याचा नंबर उतरवून घ्यायला कॉम्प्युटरपुढे बसल्या. माउस नंबरावर दाबला गेला आणि ब्राउझरने चौकट पुढे केली: हे ॲप उघडायचं का? नाव तुझं! तुला तर गेल्या वर्षीच काढून टाकलं होतं. काकूंना वाटलं, व्हायरस शिरला. त्यांनी घाबरून थेट प्लगच उपटला. शाब्बास, म्हातारीला घाबरवलंस.

तुझी लबाडी आता सगळ्यांना कळू दे. ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारी लिंक ब्राउझर स्वतः उघडतो. फोन नंबरची ‘टेल’ने किंवा ईमेलची ‘मेलटू’ने सुरू होणारी आली, की तो विंडोजला विचारतो, हे काम कुणाकडे? आणि विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे नोंदवहीत, बघते. तिथे तू इन्स्टॉल होतानाच नाव घुसवून ठेवलेलं असतंस, आणि जाताना ते पुसायची तसदी घेत नाहीस. जमीन सोडून गेलेल्या कुळाचं नाव सातबाऱ्यावर राहावं, तसा हा प्रकार.

वर पुन्हा ब्राउझरच कटकट करतो, असं लोकांना वाटू देतोस. त्या चौकटीला नावं ठेवायचं काम नाही. ती माणसाला विचारते, तू विचारत नाहीस. तुझ्या भाऊबंदांनी तिला बगल दिली की काय होतं, ते 2019 मध्ये दिसलं. सफारी ब्राउझरची अशीच चौकट टाळायला झूमने मॅकमध्ये गुपचूप एक छोटा वेब सर्व्हर बसवला होता. ॲप काढलं तरी तो मागे राही आणि लिंक आली की झूम पुन्हा इन्स्टॉल करी. एखादं भलतंच संकेतस्थळ माणसाला न विचारता मीटिंगमध्ये ओढू शकत होतं, तेही कॅमेरा चालू ठेवून. जोनाथन लाइटशू या संशोधकाने जुलैमध्ये हे चव्हाट्यावर आणलं, आणि ॲपलला स्वतः अपडेट पाठवून तो सर्व्हर हटवावा लागला. एवढा उपद्व्याप कशासाठी, तर एक क्लिक वाचवायला!

काकूंकडचा तुझा मुक्काम मात्र हलवला आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग डिफॉल्ट ॲप्स, मग लिंकच्या प्रकारानुसार यादी; ‘टेल’समोर तूच बसला होतास. तिथे आता विंडोजचं फोन लिंक आहे. फायरफॉक्सची यादी वेगळी, ती जनरलखाली ॲप्लिकेशन्समध्ये सापडते. ‘नेहमी परवानगी द्या’वर टिक करायची नाही, आणि आपण काही न दाबता चौकट आली तर सरळ ‘रद्द’ करायचं, हेही काकूंनी पाठ केलंय.

पुढच्या आवृत्तीत एवढं कर: फोन नंबरच्या लिंक मी घेऊ का, असं आत शिरतानाच विचार. नाही म्हटलं तर गप्प बस. आणि निघताना आपली नोंद पुसून जा.

– काकूंचा शेजारी