उरल्याला चढला इतिहासाचा ज्वर

ऐकलंत का? रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधले एक फोरमन, ज्यांनी उभ्या जन्मात पगाराखेरीज दुसरी तारीख लक्षात ठेवली नाही, ते हल्ली कँटीनमध्ये चहा गार होऊ देऊन कलचुरी राजांची वंशावळ सांगतात! काय म्हणावं या थेरांना? भोवती स्पंज आयर्नचा धूर, गच्चीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत राखाडी, आणि या मंडळींना डोहाळे कसले, तर मित्रांसोबत शनिवार-रविवार ऐतिहासिक शहरात काढायचे!

बरं, भट्टीला शनिवार-रविवार कळतो का? ती पेटली की पेटली. मग शिफ्ट बदलून घेण्यासाठी काय ती अजिजी! ज्याच्याशी वर्षभर धड बोलणं नव्हतं, त्याला अचानक पानाचा विडा. रजेच्या अर्जावर घरगुती काम. साहेबही सही करतात, कारण साहेबांचं नाव त्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात आहे!

आणि तो ग्रुप म्हणजे काय विचारूच नका. आधी नावावरून भांडण, मग डीपीवरून. कुठे जायचं याचं मतदान होतं, मग ते मतदान खरं धरायचं की नाही याचं मतदान. पहिल्या दिवशी जयपूर, दुसऱ्या दिवशी बनारस, तिसऱ्या दिवशी कुणीतरी हम्पीचा फोटो टाकतो आणि सगळे हम्पीमय. विमानाचं भाडं कळलं की ग्रुपात स्मशानशांतता. अकाउंट्सच्या ताईंनी एक्सेल शीट काढलं, त्यात ‘किरकोळ’ नावाचा रकाना सर्वांत मोठा! मुक्कामाआधी टी-शर्ट ठरतात, टी-शर्टाआधी रीलचं गाणं ठरतं. जायचं कधी, एवढंच तेवढं ठरत नाही. लग्न ठरवताना दोन्हीकडच्या आत्यांनी घातला नसेल एवढा घोळ!

आता यातली खरी गंमत ऐका. इतक्या उठाठेवीनंतर मंडळी शेवटी पोचतात कुठे? रतनपूरला! म्हणजे ट्रक ज्या बिलासपूर रस्त्याने रात्रंदिवस धडधडत जातात, तोच रस्ता धरायचा आणि बिलासपूरच्या पुढे पंचवीसेक किलोमीटर जायचं. झालं ऐतिहासिक शहर! काखेत कळसा अन् गावाला वळसा. एवढ्यासाठी महिनाभर जगाचा नकाशा कशाला पालथा घालायचा?

पण बोलायची सोय आहे का? लगेच तोंडावर इतिहास फेकतात. रतनपूर म्हणजे शेकडो वर्षं कलचुरींची राजधानी. 1741 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत तिथे फौज घेऊन धडकले. पुढे रघूजींचे चिरंजीव बिंबाजी भोसले 1758 पासून 1787 साली मरण येईपर्यंत तिथूनच छत्तीसगडचा कारभार बघत होते. रामटेकडीवरचं राममंदिर त्यांचंच. दसऱ्याला सोनं वाटायची रीत या मुलखात त्यांनीच आणली, असंही सांगतात. हे कळल्यापासून तर रायपूरच्या मराठी घरांत नुसता उच्छाद! तात्यापाऱ्यातले जे आजोबा ‘पोरांना पैसे वर आलेत’ म्हणून नाक मुरडत होते, ते आता ‘आपल्याच राज्याची पाहणी करायला चाललोय’ म्हणत गाडीत पुढच्या सीटवर बसतात. खिडकीही त्यांचीच आणि एसीचं बटणही त्यांचंच! चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम कुठलाही असो, मध्यंतरात विषय एकच: तुमचं रतनपूर झालं का?

तिथे पोचल्यावरचे चाळे तर आणखी खमंग. महामायेच्या देवळात दर्शनाला वेळ कमी आणि आवारात फोटोला जास्त. गजकिल्ल्यात शिरताना प्रत्येकाला दगडी कमानीखाली एकट्याचा फोटो हवा, मागे बाकीचे अकरा जण ताटकळत. वहिनींनी ठेठरी-खुरमीचा डबा उघडला की इतिहास तिथेच थांबतो. लखनी देवीच्या पायऱ्या चढताना निम्म्यावर सगळ्यांना गुडघे आठवतात, मग ‘इथून दृश्य फार सुंदर दिसतं’ असं म्हणत बसकण मारायची! खुटाघाटच्या धरणावर सूर्यास्त बघायचा, पण मोबाइलमधून. आणि प्रत्येक गावकऱ्याला विचारायचं, ‘भैया, यहाँ मराठा राजाका महल कहाँ था?’ तो बिचारा पानटपरीकडे बोट दाखवतो.

परतल्यावर हिशेब. कुणी चीला जास्त खाल्ला, कुणी टोल दिला, कुणाच्या गाडीत डिझेल भरलं, यावर आठवडाभर महाभारत. दोघांनी ग्रुप सोडला, एकाला काढून टाकलं. आणि सोमवारी काय? नवा ग्रुप! नाव ‘मिशन सिरपूर’. महानदीकाठचं सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर बघायचं म्हणे. मतदान सुरू!

शांतं पापम्! या वयात, या महागाईत, या उन्हात हे शोभतं का? मुळीच शोभत नाही. पण तुम्ही कशाला मान डोलावताय? तुमच्या मोबाइलमध्येही रतनपूरच्या कमानीखालचा फोटो आहे, तोही गॉगल लावलेला, हे काय आम्हाला ठाऊक नाही? आपल्यातल्या कोणाच्या फोनमध्ये नाही?

तेव्हा सोवळेपणा पुरे. एवढंच करा: बारा जणांना विचारत बसू नका, चौघांना विचारा. शनिवारी पहाटे निघा, ऊन चढायच्या आत रामटेकडी चढा. आणि डिझेलचे पैसे निघण्याआधीच गोळा करा. बिंबाजींनी एवढं राज्य सांभाळलं, पण मित्रांकडून वर्गणी वसूल करणं त्यांनाही जमलं नसतं.