मानेवरची भीड

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. तिची दुसरी बहीण मालिशवाल्याच्या हाताखाली पालथी पडलेली असते, एवढं म्हणीत यायचं राहून गेलं.

आमच्या हसनाबादची माणसं तशी तोंडाने कमी नाहीत. आठवडी बाजारात मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालतील, सातबाऱ्यावरून तलाठ्याला ऐकवतील, एसटीच्या कंडक्टरकडे राहिलेले सुटे पैसे भोकरदन येईपर्यंत विसरणार नाहीत. हाच गडी सलूनच्या खुर्चीत बसला आणि गळ्याभोवती कापड आवळलं गेलं, की मुका होतो.

दाढी झाली, तुरटी फिरली, की न विचारता चंपी सुरू होते. केसांत बोटं, कपाळावर अंगठे, मग कानशिलं. इथपर्यंत स्वर्गच. १९५७ च्या ‘प्यासा’त जॉनी वॉकरने तेलमालिशवाला रंगवला आणि या कलेला जी इज्जत मिळवून दिली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या अंकाबद्दल आहे. एक हात हनुवटीखाली येतो, दुसरा टाळूवर. आरशात आपल्याला आपलाच चेहरा दिसतो, बळी द्यायला नेलेल्या बोकडाचा. आणि मग ‘कट्!’ आवाज नाही आला तर कारागिराला तो स्वतःचा अपमान वाटतो. तो पुन्हा पिळतो.

“निघाली का सर?”

काय निघाली, हे आजवर कोणीही विचारलेलं नाही. “निघाली,” म्हणायचं आणि उठायचं.

खरं तर निघत काहीच नाही. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या वर जातात. मान अशी झटक्यात पिळली तर क्वचित धमनीचं अस्तर फाटून पक्षाघातही होऊ शकतो, असं डॉक्टर सांगतात. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी वर्षानुवर्षं मान देत आलो, कारण जीव जाण्यापेक्षा सलूनवाल्याला वाईट वाटणं मला जास्त गंभीर वाटायचं.

या बाबतीत निर्भीड वर्ग एकच, तान्ही बाळं. मालिशवाल्या मावशी पाय पसरून बसतात, नडग्यांवर बाळाला पालथं घालतात आणि तेलाचा हात फिरवू लागतात. बाळ जो टाहो फोडतं तो चार घरं ऐकू जातो. नापसंती कळवण्याची इतकी स्वच्छ पद्धत पुढे आयुष्यात कोणालाच जमत नाही. जमणार कशी? भोवती आजी, आत्या, काकू उभ्याच असतात. “गप गप, शहाणं ना ते! शहाणी बाळं रडतात का?” अंगाला दुसऱ्याचा हात लागला की तोंड बंद ठेवायचं, हा धडा आपल्याला असा नडगीवरच मिळतो. पुढे दिवाळीत पहाटे मामी उटण्याने पाठ सोलून काढते, तेव्हा आपण बऱ्यापैकी शहाणे झालेलो असतो.

तर अशा शहाण्या माणसाला मुलाने संभाजीनगरच्या एका मालिश केंद्राचं कूपन दिलं. तिथे आधी फॉर्म. दुखणं कुठे, रक्तदाब आहे का, मालिश करणारा पुरुष हवा की बाई, कुठे हात लावायचा नाही, दाब हलका की मध्यम की जोराचा. मी ‘मध्यम’वर खूण केली. न वाचताही तिथेच केली असती. मग तिथल्या मुलाने कागदासारख्या कापडाची एक चड्डी हातात दिली. पुढची बाजू कुठली हे तिच्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

“सर, अंगावर चादर राहील. जिथं मालिश चालू, तेवढाच भाग उघडा करीन. नको वाटलं तर सांगा, मध्येच थांबवतो.”

कुठल्याही कचेरीत इतकं विचारून माझं काम झालेलं नाही. मी संशयानेच पालथा झालो. टेबलाच्या भोकात तोंड घातल्यावर जगाचा जेवढा भाग दिसतो त्यात त्या मुलाच्या स्लिपरा होत्या. एकीचा पट्टा सेफ्टी पिनेने धरलेला.

“दाब बरोबर आहे ना सर?”

“मस्त,” मी दात आवळून म्हणालो.

हात थांबले. “सर, मस्त असतं तर पायाचे अंगठे वळले नसते. खांदाही वर चढलाय. तुम्ही बोलला नाहीत तर मला कसं कळावं?”

पुढे तोच सांगू लागला. पहिल्या पाच मिनिटांत गिऱ्हाइकाने “जरा हळू” म्हटलं की काम सोपं होतं. न बोलणारा माणूस ‘मस्त, मस्त’ करत घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरली म्हणून फोन करतो. ‘नको’ म्हणायचा हक्क त्या मुलालाही होता. कोणी वेडंवाकडं बोललं, तर हात पुसून तो खोलीबाहेर निघतो.

या धंद्यातला आपला एक जुना माणूस गिऱ्हाइकाची भीड सांभाळण्यात फार पुढे गेला होता. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडात ब्रायटनला गेले, समुद्रकाठी हमाम काढला, १८२२ मध्ये या विद्येवर पुस्तक लिहिलं आणि दोन इंग्रज राजांचे मालिशतज्ज्ञ झाले. गिऱ्हाईक वाफेत बसायचं ते फ्लॅनेलच्या तंबूत. तंबूला बाह्या शिवलेल्या. मालिश करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून हात आत घालायचा. साहेबाची लाज आत, हात बाहेरचे आणि मध्ये कापड. हसनाबादेत तंबू शिवून सलूनला नेणं मला परवडलं नसतं, म्हणून एक वाक्य पाठ करून नेलं. हनुवटीखाली हात यायच्या आत, दाढी चालू असतानाच म्हणून टाकलं, “भाऊ, आजपासून मान मोडायची नाही. चंपी भरपूर करा, मान राहू द्या.”

वस्तरा थबकला. मला वाटलं, संबंध संपले.

“लई बरं झालं सर,” भाऊ म्हणाले. “माझा अंगठा दोन वर्षं दुखतोय. पण नाही मोडली तर तुम्हालाच राग यायचा, म्हणून मोडत होतो.”

म्हणजे दोन भिडस्त माणसं इतकी वर्षं एका मानेला धरून बसली होती.

“आता तुम्ही सांगितलं, तर माझंही एक ऐका,” भाऊ पुढे म्हणाले. “मी गळ्यावर वस्तरा चालवत असताना इलेक्शनचं काढत जाऊ नका. माझा हात हलतो.”

अट रास्त होती. मी तत्काळ मान्य केली. वस्तरा अजून गळ्यावरच होता.