बसता न येणाऱ्या माणसाचं गाव

1972 च्या वास्तुविशारद कायद्याने एक गंमत करून ठेवली आहे. नोंदणी नसलेल्या माणसाने घर बांधलं तर हा कायदा फारसं मनावर घेत नाही. पण तोच माणूस स्वतःला आर्किटेक्ट म्हणवायला लागला की दंड! वरोऱ्याच्या एका वकिलांना ही भीती नव्हती. कायदा आला तेव्हा त्यांनी वसवलेलं अख्खं गाव एकवीस वर्षांचं झालं होतं, आणि पाटी लावायची हौस त्यांना होती ती फक्त घरांवर, स्वतःच्या नावापुढे नव्हे.

हे वकील म्हणजे मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे. जन्म 26 डिसेंबर 1914 चा, हिंगणघाटच्या जमीनदार घरातला. तरुणपणीच्या आवडीनिवडी पाहिल्या तर या माणसाने पुढे मोठी पोर्च असलेला बंगला बांधायला हवा होता. शिकारीचा नाद होता. दाराशी सिंगर कंपनीची स्पोर्ट्‌स कार होती आणि तिच्या गाद्यांना बिबट्याच्या कातड्याचे अभ्रे. इंग्रजी सिनेमांची परीक्षणं ते लिहायचे, आणि ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर या नट्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. विदर्भातल्या वकिलाच्या टपालात हॉलिवूडचं पाकीट आलेलं पाहून पोस्टमनला काय वाटलं असेल, याची नोंद इतिहासाने ठेवली नाही, हे आपलं दुर्दैव.

पण 1951 मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर बाबा राहायला गेले ते पत्नी साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये घेऊन. एवढ्या भांडवलात आराखडाही कागदावर परवडत नाही. त्यामुळे पहिलं बांधकाम वर गेलंच नाही, ते खाली गेलं: विहीर. बोटं झडलेल्या हातांनी ती खणली. राहण्याच्या झोपड्या म्हणजे बल्ल्या आणि वर गवताचं छप्पर. भिंतींचा खर्च वाचवला होता. वायुवीजन उत्तम! साप आणि विंचू परवानगी न घेता आत यायचे आणि रात्री जंगली जनावर कुत्री उचलून न्यायचं. ज्यांच्या मोटारीत बिबट्या बसायच्या कामी आला होता त्यांच्या अंगणात आता बिबट्यांची जात येऊन हिशेब मागत होती, म्हणायला हरकत नाही.

पोशाखाचा प्रश्न बाबांनी एकदाच सोडवला. पांढऱ्या खादीची बिनबाह्यांची बंडी आणि अर्धी चड्डी. दिल्लीचा पाहुणा येवो की परदेशातला, कपड्यांत फरक नाही. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने पुढे त्यांच्या दिनक्रमातून एक गोष्ट कायमची काढून टाकली, ती म्हणजे बसणं. उभं राहायचं, चालायचं, नाहीतर आडवं व्हायचं. मधली पायरीच नाही. बांधकामावरची बहुतेक दिरंगाई खुर्चीत जन्माला येते हे ज्याने घर बांधलं आहे त्याला सांगायला नको. इथे देखरेख करणाऱ्याला खुर्चीच वर्ज्य. भेटायला येणाऱ्यांची मात्र पंचाईत व्हायची: यजमान उभे असताना टेकायचं कसं, आणि यजमान आडवे असताना उभं राहायचं कसं? 1985 मध्ये बाबांची भारत जोडो यात्रा निघाली तेव्हाही हे दुखणं सोबत होतंच; कन्याकुमारीहून काश्मीरकडे जाणाऱ्या बसमध्ये बाबांसाठी सीट नव्हती, बिछाना होता.

बाबा कवी होते. ‘ज्वाला आणि फुले’ हा त्यांचा संग्रह. कवीला गाव बांधायला दिलं की काय होतं ते त्यांच्या या गावात, म्हणजे आनंदवनात, फिरताना दिसतं. एकाही इमारतीला ‘ब्लॉक क्रमांक तीन’ असलं नाव नाही. म्हाताऱ्यांची स्नेहसावली, मुलांचं गोकुळ, जोडप्यांचं सुखसदन, अपंगांना धंदेशिक्षण देणारं संधिनिकेतन. सरकारी बांधकाम खात्याला ही सवय लागली तर निविदा वाचायला तरी मजा येईल. अर्थात नावं बाबांची असली तरी चुली, गाई आणि पाहुण्यांच्या पंगती साधनाताईंच्या. त्यांचं ‘समिधा’ वाचलं की गावाचा सांगाडा कुणी उभा केला आणि त्यात जीव कुणी ओतला, हे नीट कळतं.

वरोऱ्याच्या लोकांचं आनंदवनाशी आधी जमत नव्हतं. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी कोण घेणार? मग पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक दवाखान्याच्या बांधकामाला आले, तिथेच राहिले, तीच भाजी खाऊन विटा वाहू लागले. गोरे लोक खातात म्हटल्यावर वांग्यातला दोष आपोआप गेला. बाबांनी यावर जो सूड उगवला तो फार देखणा होता: 1964 मध्ये आनंदवनाने वरोऱ्याच्या मुलांसाठी कॉलेज काढलं, आणि ते बांधलं कुष्ठरोग्यांनी. ज्यांच्या हातची भाजी नको होती, त्यांनीच बांधलेल्या वर्गांत पोरांच्या पदव्या झाल्या.

खरा, पदवीवाला आर्किटेक्टही या वाटेने आला होता. लॉरी बेकर हे इंग्रज गृहस्थ 1945 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनचे आर्किटेक्ट म्हणून भारतात आले आणि पुढे केरळात गाजले. वापरलेल्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर नकाशे काढायचे आणि गवंड्यांसोबत जागेवरच उभं राहायचं, ही त्यांची रीत. बाबांशी त्यांचं चांगलं जमलं असतं. दोघांनाही ऑफिसचं वावडं.

चड्डीची परंपरा मात्र थेट गडचिरोलीत पोचली. 23 डिसेंबर 1973 ला भामरागडजवळ हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे बनियन आणि पांढऱ्या हाफ पँटवरच राहू लागले. सुरुवातीला दवाखाना म्हणजे एक झाड. या परिसरात ते फार शहाणपणाचं डिझाइन आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 47 अंशांच्या आसपास असताना शहरात नवे बंगले काचेचं एलिव्हेशन लावतात आणि मग आतून जाड पडदे ओढून कूलर सोडतात.

गडचिरोलीजवळच्या शोधग्रामात तर आर्किटेक्टचं काम थेट पेशंटांकडेच गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं, तुम्ही मोठ्या दवाखान्यात का येत नाही? उत्तरं अशी आली की वास्तुशास्त्राच्या परीक्षेत पेपर ठरावा. मोठ्या इमारतीची भीती वाटते. तिथे पांढरे कपडे घातलेली माणसं हिंडतात. नातेवाइकांना बाहेर काढतात, आणि आजारी माणूस एकटा राहील कसा? शिवाय देव कुठे आहे तुमच्याकडे? मग त्यांच्या खेड्यासारख्या झोपड्या उभ्या राहिल्या, नातेवाइकांना सोबत राहायची सोय झाली आणि दवाखान्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. तिथे देवीची जत्रा भरते, आरोग्य संसदही बसते, आणि त्या संसदेत डॉक्टरांनी कुठल्या आजाराचं काम हाती घ्यायचं, ते गावकरी सांगतात.